कागदावरचे गायके नाना

नाना गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. जुन्या सहकाऱ्यांच्या गटात कुणीतरी काळी चौकट टाकली होती. पांढऱ्या शर्टातला फोटो, खाली नाव, दशक्रिया विधीची जागा आणि वय. ते वय दोन वर्षांनी जास्त होतं. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. चौकटीखाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली होती. मीही एक टाकलं आणि मग पुसून टाकलं. दोन हात जोडून सुटण्यातला मामला तो नव्हता, निदान माझ्यापुरता नव्हता.

रंगनाथ गायके. देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातले, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन शहरात आलेले. सगळा कारखाना त्यांना नाना म्हणायचा. पैठण रस्त्याला चितेगावजवळ आमचा कारखाना होता. मोठा नव्हे, आजूबाजूच्या मोठ्या शेडच्या मध्ये दबून गेलेला. तिथं आम्ही पाणीयोजनांसाठी पेट्या बनवायचो. पेटी म्हणजे खरं तर एक छोटा संगणक. पंपाच्या खोलीत भिंतीवर बसवायचा. विहिरीला पाणी आहे का, टाकी भरली का, वीज आहे का हे बघून तो पंप चालू-बंद करणार. मी त्या पेट्यांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. मराठीत एम. ए. केलेल्या मुलीनं कारखान्यात जावं याचं घरी नवल वाटलं होतं, पण आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली. लिहिण्याचंच काम आहे म्हटल्यावर कुणी फार बोललं नाही.

नाना माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं, ते शेवटपर्यंत. 

त्यांचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब होतं, कारण पडद्यावर उजेड पडला की त्यांना वाचता येत नसे. टेबलावर एक उघडी पेटी, शिसपेन्सिल, खोडरबर आणि लांब आकाराची रेघांची वही. संगणक सुरू होताना पडद्यावर ओळींचा लोंढा येतो. आपण तिकडे बघतही नाही. नाना त्या ओळी वहीत उतरवून घ्यायचे. पडदा थांबवत, पुढे सरकवत, एकेक ओळ. इंग्रजी अक्षर त्यांचं सावकाश आणि गोल होतं. बाजूच्या समासात मराठीत शेरा: ‘खरं’, ‘खोटं’, ‘विचारणे’.

निखिल नावाचा तरुण इंजिनिअर शेजारी बसायचा. हुशार होता. तो फोननं पडद्याचा फोटो काढायचा आणि म्हणायचा, “छोडो ना नाना, एका सेकंदाचं काम आहे. सगळं फाइलमध्ये पण असतं.”

“फोटो काढला म्हंजे वाचलं व्हय रे?” नाना वहीतून मान वर न काढता विचारायचे. “तिसरी ओळ काय होती, सांग.”

निखिल पुन्हा फोन उघडायला जायचा. 

“मंग?”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दुसरा हट्ट. स्क्रू बदलला तर प्रोग्रॅम बदलायचा नाही. प्रोग्रॅम बदलला तर वायरला हात लावायचा नाही. “दोन औषधं एकदम दिली अन्‌ पेशंट उठला, तर कुणाचे पाय धरायचे?” असं म्हणायचे. त्यामुळे त्यांचं काम हळू चाले, आणि मोठ्या साहेबांच्या आठवड्याच्या बैठकीत ‘नानांचं अजून चालूच आहे’ हा नेहमीचा विनोद होता. नानाही हसायचे. साडेबाराला ज्वारीच्या भाकरीचं आणि ठेच्याचं फडकं सोडायचे, मग बैठक असो नाहीतर नसो.

मी सांगतेय त्या वर्षी नाथसागर धरणाचं पाणी तळाला गेलं होतं. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आम्ही सगळेच कंपनीच्या बसमधून रिकामे कॅन आणायचो आणि कारखान्याच्या फिल्टरवर भरून न्यायचो. कुणी कुणाला विचारत नसे. नाना मात्र रोज संध्याकाळी फाटकावर थांबून विचारायचे, “साळुंके, एक कॅन नेऊ का?” पहारेकरी साळुंके वैतागायचा. “नाना, रोज काय विचारता? न्या की!” नाना म्हणायचे, “रोज नेतो म्हून रोज विचारतो.”

कर्नेल म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. मला पुस्तिकेत दोन ओळी लिहायच्या होत्या आणि निखिलनं सांगितलेलं सगळं इंग्रजी होतं. नाना म्हणाले, संगणकात सगळ्यात आधी जागा होतो तो कर्नेल. घरातला कर्ता समजा. तो उठला की आधी सगळीकडे फिरून बघतो, कोण कोण आहे. पडदा आहे का, डिस्क आहे का, विजेचा कारभार बघणारा कुणी आहे का.

“शिरगणतीचे मास्तर येतात का नाय, तसं,” ते म्हणाले. “दार वाजवायचं. ‘हाय का कुणी?’ ओ आली, तर नाव लिहायचं. ओ नाय आली, तर ‘घर बंद’ लिहायचं अन्‌ पुढं. एकदा ‘घर बंद’ लिहिलं, की मंग आत माणूस मरून पडला तरी कागदावर घर बंदच. बाकीचे समदे कागद बघून चालतात. घरात कुणी बघत नाय.”

मी ते पुस्तिकेत लिहिलं नाही. तिथं मी लिहिलं: ‘यंत्र पूर्णपणे स्वयंचलित आहे. ऑपरेटरने कोणत्याही परिस्थितीत यंत्राला हात लावू नये.’ ते वाक्य मला आवडलं होतं. ठाम आणि स्वच्छ. साहेबांनी ते जाड ठशात छापायला सांगितलं.

नानांविषयी आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कारखान्यात एक जूनला सात-आठ जणांचा वाढदिवस असायचा. आमच्याकडच्या खेड्यांतून शाळेत आलेल्या माणसांची ती ठरलेली जन्मतारीख. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मास्तर नाव घालताना एक जून टाकून मोकळे व्हायचे. एचआरच्या बाई एकच मोठा केक मागवायच्या, त्यावर सगळ्यांची नावं मावत नसत. नाना केकचा तुकडा तळहातावर घेऊन म्हणायचे, “खा, खा. मास्तरचा वाढदिवस हाय.” आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते डब्यातून पुरणपोळ्या आणून सगळ्यांना अर्धी अर्धी वाटायचे. सणाच्या उरलेल्या असतील असं मी समजत होते. 

एप्रिलमध्ये बिडकीनच्या पलीकडच्या एका गावातून तक्रार आली. पंप वेळेवर सुरू होत नाही. पंधरा दिवसांत तीनदा गावाची पाण्याची पाळी चुकली. विहिरीला पाणी थोडं, वीज दिवसातून काही तासच, तीही कधी सकाळी, कधी दुपारी. त्या तासांत पंप चालला नाही तर गाव कोरडं. ग्रामपंचायतीनं पंपावरच्या माणसाला घरी बसवलं होतं. साहेबांनी मला बोलावलं. “ऑपरेटर एरर आहे. तुम्ही जाऊन पुस्तिका नीट समजावून द्या. नाना, तुम्ही पेटी बघून घ्या.”

आम्ही जीपनं गेलो. पंपाच्या खोलीबाहेर पत्र्याच्या सावलीत हंड्यांची रांग होती. माणसं सावलीत नव्हती, हंडे होते. जीपवरचं कारखान्याचं नाव वाचून एक बाई म्हणाली, “आलं का पेटीवालं? पेटी प्यायची का आता आम्ही?” 

ज्याला काढून टाकलं होतं तो कडूबा स्वतःहून आला. पन्नाशीचा, उंच, खांद्यावर पंचा. सरपंच त्याच्या देखतच म्हणाले, “हा झोपतो हो. मशीन लाखाचं अन्‌ माणूस असा.”

“झोपत नाय म्या,” कडूबा म्हणाला. आवाज चढवला नाही. “तिन्ही बारीला म्या हितंच होतो. त्या पेटीम्होरं बसून होतो. लाइट आली. पेटीचा दिवा लागला. काय तरी इंग्रजी लिवलेलं आलं, अन्‌ मंग तसंच राह्यलं. लाइट जाईस्तोवर तसंच.”

“मग बटण का नाही दाबलं एखादं?” मी विचारलं.

त्यानं खांद्यावरचा पंचा सावरला. मग आत गेला आणि पंपाच्या मागच्या कोनाड्यातून पुस्तिका घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली. त्यानं पान उघडून जाड ठशावर बोट ठेवलं. 

“तुमच्याच पुस्तकात लिवलंय की, बाई. हात लावू नगं. कुठल्याच परिस्थितीत लावू नगं.” 

नाना पेटीसमोर उकिडवे बसले होते. पडद्यावर एकच ओळ होती, ती त्यांनी मला वाचून दाखवली. डिस्क तपासायची आहे, पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा, अशा अर्थाची. म्हणजे पेटी एका बोटासाठी थांबली होती आणि ते बोट असलेला माणूस तीन वेळा, दोन-दोन तास, हात मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसला होता. बाहेर हंडे होते.

नानांनी कळ दाबली नाही. आधी वही काढली आणि ती ओळ लिहून घेतली. मग कडूबाकडे वळून म्हणाले, “कडूबा, तुमचं काय चुकलं नाय. म्या बघतो.”

“तुम्ही म्हणता,” कडूबा म्हणाला. “कागदावर लिहून द्या की मंग.”

“देतो,” नाना म्हणाले.

पेटी परत आणली, तिच्या जागी गावात त्याच बनावटीची दुसरी बसवली. नानांनी तिच्या शेजारी पहिल्या वर्षी बनवलेली एक जुनी पेटी ठेवली. दोघींवर तोच कर्नेल, तोच प्रोग्रॅम. मग भिंतीवरचं बटण बंद करून वीज तोडली आणि थर्मासमधला चहा ओतून बसले. दोन्ही पेट्या आतल्या बॅटरीवर चालू राहिल्या. जुन्या पेटीनं बॅटरी उतरायला लागलेली ओळखली, आपला पसारा आवरला आणि ती नीट बंद झाली. नवी चालतच राहिली. बॅटरी पार संपेपर्यंत चालली आणि मध्येच, काहीतरी लिहिता लिहिता, विझली. वीज परत दिल्यावर जुनी उठून कामाला लागली. नवीला अर्धवट लिहिलेली डिस्क आधी तपासायची होती, ती ‘कळ दाबा’ म्हणून बसली. 

हे त्यांनी तीन दिवस पुन्हा पुन्हा केलं. निखिल म्हणाला, “नाना, पॅटर्न समजला ना एकदा? नवीन सर्किट बोर्डवर कर्नेलला पॉवर मॅनेजमेंट सापडतच नाहीये. बस.”

“सापडत नाय, का शोधतच नाय?” नानांनी विचारलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. दोन वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. डावीकडे जुन्या पेटीच्या ओळी, उजवीकडे नव्या पेटीच्या. उजवीकडे एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली होती.

“वाचा, ताई.”

मी वाचलं. फर्मवेअर म्हणजे बोर्डमध्ये कारखान्यातूनच भरून येणारा छोटा प्रोग्रॅम. त्याच्यावर तयार झाल्याची तारीख असते. या बोर्डवरची तारीख मागच्या शतकातली होती. कर्नेलनं ती वाचली होती आणि म्हटलं होतं, हे यंत्र फार जुनं आहे, विजेच्या कारभाराबाबत याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मी तिकडे जातच नाही. वापरायचंच असेल तर मला तशी सक्ती करा.

“पण हे बोर्ड तर मागच्या वर्षी आलेत,” मी म्हटलं.

“तारीख बघा की. दिवस बघा.”

एक जानेवारी होती. 

नाना हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलं नाही. “हा माझा भाऊच निघाला, ताई! मास्तरनं टाकलेली तारीख. बोर्ड बनवणाऱ्यानं जागा कोरी ठेवायची नाय म्हून टाकली अन्‌ बदलायची राह्यली. कर्नेल बिचारा शहाणा. त्याला जुन्या यंत्रांनी लई फसवलं असणार, म्हून त्यानं नियम केला. नियम चुकला नाय. जन्मतारीख चुकलीय.”

तेव्हा त्यांनी मला स्वतःचं सांगितलं. थोरल्या भावासोबत शाळेत जायचा हट्ट धरला म्हणून मास्तरनं त्यांचं वय दोन वर्षं वाढवून नाव घातलं होतं, एक जूनला. आईच्या हिशेबानं त्यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, गावच्या चावडीवर पहिला रेडिओ आला त्या सालचा. त्या पुरणपोळ्या उरलेल्या नव्हत्या.

निखिलनं लगेच उपाय सांगितला. सुरू होतानाच्या आज्ञेत एक शब्द घातला की कर्नेलवर सक्ती होते. त्यानं घातला. पेटी सुतासारखी सरळ चालली. निखिल टाळी वाजवून उठला.

“त्याच्याकडून जबरदस्तीनं हो म्हणवून घेतलं,” नाना म्हणाले. “आता दुसऱ्या पेट्यांवर बघू.” 

गोदामातल्या बारा पेट्यांवर त्यांनी तो शब्द घालून बघितला. दहा चालल्या. दोन बंद होता होता अर्ध्यात अडकल्या आणि हलेनात. विजेचा कारभार कसा करायचा हे सांगणारं फर्मवेअरमधलं कोष्टक त्या दोघींत खरोखरच बिघडलेलं होतं. तारीख खोटी असली तरी नकार त्यांच्यापुरता बरोबर होता. म्हणजे सरसकट सक्ती चालणार नव्हती. बोर्डवाल्याकडून दुरुस्त फर्मवेअर मागवायचं, गावोगाव बसलेल्या पेट्या परत आणून एकेक तपासायच्या आणि तोवर गावांना कळवायचं, की पेटी अडली तर कळ दाबा. नानांनी हे सगळं दीड पानात लिहून दिलं. शेवटची ओळ होती: ‘दोष यंत्रावरील तारखेत आहे. ऑपरेटर कडूबा यांची चूक नाही.’

त्यांच्या टिपणावरून अहवाल करायचं काम माझं होतं. मी केला. ती ओळ तशीच ठेवली, तिला वेगळा परिच्छेदही दिला. मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि लाल पेननं दोन परिच्छेद काढले. एक पेट्या परत आणण्याचा. दुसरा तो. साहेब वाईट बोलणारे नव्हते. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. बिडकीनला मोठी औद्योगिक वसाहत येतेय, तिथल्या पाण्याचं काम आपल्याला मिळायची शक्यता आहे, अशा वेळी आपणच आपल्या पेट्या नापास म्हणायच्या का? नव्या पेट्यांत तो शब्द घालू. जुन्यांची तक्रार येईल तसतशी बघू. “आणि त्या माणसानं कळ दाबली नाही, हे तर खरं आहे ना?”

खरं होतं. मी खाली आले आणि अहवाल साफ करून टाइप केला. ‘ऑपरेटरने आवश्यक ती कृती न केल्यामुळे यंत्र सुरू होण्यास विलंब झाला.’ हे वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं. दोन परिच्छेद गेल्यावर मध्ये भोक पडलं होतं, ते बुजवायला मी ते लिहिलं. मला वाक्यं सांधायची सवय होती.

नानांनी तो अहवाल नेहमीसारखा वाचला, ओळीवर पेन्सिल धरून. मग माझ्या टेबलाशी आले.

“ताई, ओळ कुठं गेली?”

“साहेबांनी काढली, नाना.”

“अन्‌ ही?” त्यांनी पेन्सिल माझ्या वाक्यावर टेकवली. “ही कुणी घातली?”

मी टेबलावरचे कागद एकावर एक रचायला लागले. माझ्या उत्तराची त्यांना खरंच अपेक्षा होती. ती मिळाली नाही तेव्हा त्यांनी समासात काहीही न लिहिता अहवाल परत ठेवला.

येत्या एक जूनला नाना कागदावर अठ्ठावन्न वर्षांचे, म्हणजे निवृत्त होणार होते. आमच्याकडे उपयोगाच्या माणसांना दोन वर्षं वाढवून मिळायची. साहेबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, “नाना, तुम्ही कुठं जाताय? पत्र मी काढतोच.” त्या दोन वर्षांवर त्यांचं बरंच काही अवलंबून होतं. धाकटीचं शिक्षण चालू होतं, गारखेड्यातल्या घराचं वरचं काम अर्धं पडलं होतं. हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच. 

त्या रविवारी ते एस. टी.नं त्या गावाला गेले. स्वतःच्या हातानं, मराठीत, ग्रामपंचायतीला पत्र लिहून नेलं: पेटीवरची तारीख चुकीची आहे, तिच्यामुळं पेटी विजेचा कारभार शोधत नाही, कडूबाची चूक नाही, पेटी अडल्यास बेलाशक कळ दाबावी. खाली सही आणि ‘मी स्वतः तपासले आहे’. कार्यालय बंद होतं, म्हणून सरपंचांच्या घरी जाऊन दिलं आणि पोच घेतली. सरपंच म्हणाले, बघू. पंपावर तोवर त्यांच्या चुलतभावाला बसवलेलं होतं. तो कळ दाबायचा. त्यानं पुस्तिका वाचलेली नव्हती. 

आठवड्यात ते पत्र साहेबांच्या टेबलावर होतं. केबिनची काच बंद होती, पण आवाज येत होता.

“तुम्ही कंपनीच्या विरोधात लिहून दिलंत?”

“मशीनच्या विरोधात लिहिलंय, साहेब. तारीख चुकलीय तिची.”

“नाना, थोडं समजून घ्यायला हवं होतं तुम्ही.”

“समजूनच घेतलं, साहेब. चार दिस लागले समजायला.”

मुदतवाढीचं पत्र निघालं नाही. नाना एकदाच एचआरमध्ये गेले. मी तिथं दुसऱ्या कामासाठी बसले होते. त्यांनी सांगितलं, माझं खरं वय छप्पन्न आहे. काही मागायचं म्हणून नव्हे, नोंद करून ठेवायची म्हणून सांगितल्यासारखं. बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. “नाना, सिस्टममध्ये तर हीच तारीख आहे. एक जून. मी काय करू?”

नानांनी वाकून पडद्यावरची ओळ नीट वाचली. “व्हय,” ते म्हणाले. “हीच हाय.” आणि परत आले.

एकतीस मेला निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब नानांच्या चिकाटीबद्दल बोलले. ‘नानांचं अजून चालूच आहे’ हा विनोद त्यांनी पुन्हा केला आणि लोक हसले. नानांना बोला म्हटलं तेव्हा ते उभे राहून इतकंच म्हणाले, “मास्तरनं मला शाळेत घेण्यासाठी माझं वय वाढवलं होतं. त्यांचा मला राग नाय. त्याच वयावर तुम्ही मला काढलं. बाकी समदे खुशाल राहा.” टाळ्या वाजवाव्या की नाही ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळी फाटकावर त्यांच्या हातात कॅन नव्हता. साळुंके म्हणाला, “नाना, आज कॅन?” नाना म्हणाले, “आज कसा विचारू? आज मी हितला नाय.”

पुढे पाऊस झाला आणि ती तक्रार मिटली, म्हणजे फाइल मिटली. बिडकीनचं काम आम्हाला मिळालं. निखिल पुण्याला गेला. मी राहिले, आज मी त्या विभागाची प्रमुख आहे. पैठण रस्ता रुंद झाला, शेतांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आल्या आणि शहराच्या पाट्यांवर पुढे नवं नाव लागलं. कडूबा एका भिंतीपाशी रखवालदार म्हणून लागल्याचं मी ऐकलं. कंपनीच्या बसमधून जाताना मी त्या बाजूला बसत नसे.

तीन वर्षांनी पुन्हा तसाच उन्हाळा आला. एका संध्याकाळी मी गारखेड्याला नानांकडे गेले. का गेले ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. नानांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी दिलं, अर्धा पेला. नाना बारीक झाले होते. वरचं काम अर्धंच होतं, जिन्याच्या सळया बाहेर आलेल्या. बैठकीत कपाटावर आमची एक पेटी होती. भंगारात निघालेली, साळुंकेला विचारून आणलेली, त्या अडकलेल्या दोघींपैकी एक. तिचं कोष्टक त्यांनी एकेक ओळ करत दुरुस्त केलं होतं, आणि तारीखही. वर्षभर लागलं, म्हणाले. 

“कोणती तारीख टाकली?” मी विचारलं.

“खरी. बोर्डच्या कोपऱ्यात बारीक छापलेली असती. कुणी बघत नाय.”

मग त्यांनी विचारलं, “पुस्तकातली ती ओळ काढली का, ताई? हात लावू नये, ती?”

तीन वर्षांत त्या पुस्तिकेच्या दोन आवृत्त्या माझ्या हातून गेल्या होत्या. “काढायची आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वीज गेली. पेटी एकदा बारीक वाजली, थोडा वेळ चालली आणि तिचा दिवा आपणहून मालवला. आम्ही अंधारात बसलो. काकूंनी मेणबत्ती आणली. मी निघाले तेव्हा नाना दारापर्यंत आले नाहीत. वीज यायची वेळ झाली होती.

मी पायऱ्या उतरून फाटकाशी पोचले आणि गल्लीतले दिवे लागले. मागे वळून पाहिलं. खिडकीतून नाना दिसत होते. त्यांनी वही मांडीवर घेतली होती, पेन्सिल वहीत होती आणि दोन्ही हात वहीवर ठेवून ते पेटीसमोर बसले होते. हात न लावता, ती स्वतःहून उठायची वाट बघत. कडूबा बसला होता, तसेच.

पेटीचा दिवा लागला. पडद्यावर ओळी धावू लागल्या, त्यांचा उजेड नानांच्या तोंडावर आला. ते वाचत होते. ‘हात लावू नये’ ही ओळ अजून आमच्या पुस्तिकेत आहे, जाड ठशात.